सहा वॅट की पासष्ट?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा पाठिंबा थांबवला आणि नाशिकमधल्या कितीतरी कार्यालयांतले धडधाकट संगणक कागदोपत्री म्हातारे झाले. २०१६च्या आसपास घेतलेला कोअर आय५-६५०० आजही टॅली उघडतो, जीएसटीचे रिटर्न भरतो; पण विंडोज ११च्या यादीत त्याला जागा नाही. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळेच प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. त्यामुळे करसल्लागार, पतसंस्था, शाळा, दवाखाने, अंबड-सातपूरचे कारखानदार असे सगळेच कमीअधिक अंतराने दुकानाची पायरी चढत आहेत. सिंहस्थ तोंडावर असल्याने पंचवटी आणि त्र्यंबकच्या लॉजवाल्यांचीही त्यात भर पडेल. दुकानदार बहुधा दोन कोटेशन पुढे ठेवतो. एक तळहातावर मावणाऱ्या मिनी पीसीचे, आत इंटेलचा एन१००, 'फक्त सहा वॅट'. दुसरे नेहमीच्या असेंबल्ड डेस्कटॉपचे, आत आय३ किंवा आय५, साठ-पासष्ट वॅटचा. किमतींबद्दल इथे बोलण्यात अर्थ नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की आजचे कोटेशन पुढच्या आठवड्यात टिकेल याची हमी दुकानदारही देत नाही.

ग्राहकाचा प्रश्न मात्र एकच असतो: छोटा घेतला तर स्लो पडणार नाही ना?

त्यावर दोन ठाम उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, आता सगळेच प्रोसेसर गरजेपेक्षा वेगवान आहेत, मग वीज कशाला जाळायची? दुसरा म्हणतो, मिनी पीसी म्हणजे खेळणे. घ्यायचे तर दणकट घ्या, पाच-सात वर्षे मागे वळून बघायला नको. दोन्ही पक्षांकडे मुद्दा आहे, आणि आपल्या मुद्द्याला अडचणीचे ते दोघेही शिताफीने वगळतात.

आधी वेग पाहू. एन१०० जानेवारी २०२३मध्ये आला. चार कोअर, चार थ्रेड, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, सहा मेगाबाइट कॅश. त्याच्यासमोर उभा करायचा तर एक वर्ष आधीचा आय३-१२१०० योग्य, कारण तोही चारच कोअरचा आहे. फक्त आठ थ्रेड, ४.३ गिगाहर्ट्झ आणि दुप्पट कॅश. रूढ चाचण्यांचे निकाल थोडे इकडेतिकडे होतात, पण ढोबळ चित्र सगळीकडे सारखेच दिसते. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात एन१०० हा आय३च्या निम्म्याहून थोडा पुढे असतो. सगळे कोअर जुंपले की आय३ अडीच ते तीन पट पुढे जातो. म्हणजे 'फरक जाणवतच नाही' हे विधान धादांत चूक आहे.

पण हाच एन१०० टेबलावरून उठवायच्या त्या जुन्या आय५-६५००शी ताडून पाहा. चारही कोअरच्या एकत्रित कामात दोघे जवळपास बरोबरीत येतात. २०१५ साली ज्या कामाला पासष्ट वॅटचा प्रोसेसर लागत होता, ते काम आता त्याच्या छोट्याशा हिश्श्यात होते. ज्या कार्यालयाची गेल्या दहा वर्षांत 'मशीन स्लो आहे' अशी तक्रार नव्हती, त्याला नव्या छोट्या मशीनचा वेग कमी पडण्याचे कारण नाही. उलट जुनी हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली तर ते जास्तच चपळ वाटेल. आणि खरे सांगायचे तर ती चपळाई प्रोसेसरची नसून एसएसडीची असते. नव्या मशीनच्या कौतुकात हे श्रेय बहुतेक वेळा भलत्यालाच मिळते.

मग छोट्या प्रोसेसरचे नाव इतके खराब का? त्याला इतिहास आहे. २००८मध्ये इंटेलने ॲटम आणला आणि त्यावर नेटबुकांची लाट आली. ज्यांनी २००९-१०च्या सुमारास नेटबुक घेतला, त्यांना ब्राउझरची खिडकी उघडेपर्यंत चहा निवतो हे चांगले आठवत असेल. तो ॲटम सूचना आल्या त्याच क्रमाने पार पाडायचा. एखादी सूचना मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबली की तिच्यामागच्या सगळ्या खोळंबायच्या. मोठे प्रोसेसर तेव्हाही पुढच्या सूचनांतले जे करता येईल ते उरकून घ्यायचे. एन१००मधले कोअर आता तेच करतात. नाव बदलले, वॅट साधारण तेवढेच ठेवले, पण आतली रचना ॲटमची राहिलेली नाही. जुन्या अनुभवावरून नव्याला नापास करणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

ॲटमच्याच काळातली एक गोष्ट वॅटच्या जाहिरातीला टाचणी लावणारी आहे. डेस्कटॉपसाठीचा ॲटम २३० चार वॅटचा होता, आणि त्याच्यासोबत बोर्डावर बसवलेला ९४५जीसी चिपसेट बावीस वॅटचा. काटकसरी प्रोसेसरच्या शेजारी उधळ्या सोबती. आजही 'सहा वॅट' हा मीटरवर दिसणारा आकडा नव्हे; तो किती उष्णता बाहेर काढायची व्यवस्था हवी, त्याचा पायाभूत अंदाज आहे. मिनी पीसी बनवणाऱ्या अनेक कंपन्या एन१००ला दहा, पंधरा, कधी वीस वॅटपर्यंत मोकळे सोडतात. संपूर्ण डबा रिकामा बसलेला असताना प्लगमधून सहा ते दहा वॅट घेतो, पूर्ण भारावर वीस-पंचवीस. आय३-१२१००चे साठ वॅटही तसेच: जोर लागला की ते ८९पर्यंत जातात, पण नुसते पत्र टाइप होत असताना अख्खा डेस्कटॉप पंचवीस ते पस्तीस वॅटवर गुमान बसलेला असतो. म्हणजे कोटेशनवर दहा पटीचा दिसणारा फरक रोजच्या कामात तीन-चार पटीवर येतो.

आता विजेच्या बिलाचा युक्तिवाद तपासू, कारण छोट्या मशीनच्या विक्रीत तोच सर्वांत जोरात वाजवला जातो. दोन मशीनमध्ये सरासरी तीस वॅटचा फरक धरा. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस: ७२ युनिट. व्यापारी दर हिशेबाच्या सोयीसाठी दहा रुपये धरला तर वर्षाला ७२० रुपये. महिन्याला साठ. एवढ्यासाठी कोणी प्रोसेसर निवडू नये. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक-दोन अंशांनी वाढवले तर याहून जास्त वाचेल. शहराच्या पातळीवरही तेच. नाशिकमध्ये अशी एक लाख मशीन एकाच वेळी चालू आहेत असे समजू. सगळी बदलली तर तीन मेगावॅट वाचतील. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र ६३० मेगावॅटचे आहे. पर्यावरणाच्या नावाने मिनी पीसी विकणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

तेच मशीन दिवसरात्र चालणारे असेल तर हिशेब उलटतो. चोवीस तास, वर्षभर, तीस वॅट म्हणजे सुमारे २६३ युनिट. दहा रुपये दराने अडीच हजारांच्या वर. पाच वर्षांत त्या फरकात मिनी पीसीची बरीचशी किंमत निघते. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजचे तापमान नोंदणारे मशीन, लॉजच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग, कार्यालयातल्या सगळ्यांच्या फायली सांभाळणारा कोपऱ्यातला डबा: इथे साठ वॅटचा प्रोसेसर लावणे ही निव्वळ सवय आहे.

आणि बिलापेक्षाही लाइट जाण्याचा मुद्दा मोठा. भारनियमनाचे ते दिवस संपले असले तरी वळवाच्या पावसात आणि गावाकडच्या फीडरवर वीज आजही दगा देतेच. एमएस-सीआयटीचा दहा संगणकांचा वर्ग घ्या. दीडशे अँपिअर-तासाची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. गळती वजा जाता १२०० हाती लागतात. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साठ वॅट धरले तर दहा जागांना सहाशे, म्हणजे दोन तास. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून तीस, म्हणजे चार तास. आठवी-नववीच्या मुलांची दुपारची पूर्ण तुकडी त्यात निघते. विजेच्या बिलात जो फरक क्षुल्लक होता, तो बॅटरीवर निर्णायक ठरतो. (त्या तिसातले वीस वॅट मॉनिटरचे आहेत, हेही जाता जाता लक्षात घ्यावे. मॉनिटर निवडताना वॅट विचारणारा ग्राहक आम्ही अजून पाहिलेला नाही.)

मोठ्या प्रोसेसरला एवढी वीज लागते तरी का? प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी कमी केले तर वीज सुमारे २७ टक्के कमी होते. उलट दिशेने गेले की शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. इंटेलचा हा धडा जाहीरपणे शिकून झाला आहे. २००४च्या पेंटियम ४ 'प्रेस्कॉट'ने शंभर वॅटची हद्द ओलांडली आणि त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४चा बेत कंपनीला सोडून द्यावा लागला. त्याआधी वर्षभर इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता, २४.५ वॅटचा, कमी गिगाहर्ट्झमध्येही तो प्रत्यक्ष कामात पेंटियम ४ला घाम फोडायचा. त्याच वंशातून २००६चा कोअर २ ड्युओ आला आणि डेस्कटॉपचे राज्य लॅपटॉपच्या वारसाकडे गेले. ॲपलने २०२०मध्ये फोनच्या वंशातला एम१ संगणकात बसवला, तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली. काटकसरी आणि दुबळा हे दोन शब्द एकाच श्वासात उच्चारणाऱ्यांनी या वंशावळी पाहाव्यात.

तरीही काही कामे अशी आहेत की तिथे काटकसर महागात जाते, आणि ती कामे नाशिकमध्ये भरपूर आहेत.

अंबड-सातपूरच्या टूलरूममध्ये जा. महिंद्रा, बॉशसारख्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या परिसरात डाय आणि मोल्डचे डिझाइन कॅडवर चालते आणि त्यावरून धातू कापणाऱ्या व्हीएमसी यंत्राचा टूलपाथ कॅममध्ये निघतो. मॉडेलमधले एक भोक सरकवले की त्याच्यावर आधारलेली प्रत्येक पायरी पुन्हा मोजावी लागते, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून. हे काम चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. एकट्या कोअरचा वेगच कामी येतो, आणि तिथेच एन१०० निम्म्यावर आहे. डिझायनर दिवसातून पन्नास वेळा पडद्यावरचे फिरते चाक बघत बसला, वर तासाला शेकडो रुपये दराची व्हीएमसी प्रोग्रॅमची वाट पाहत उभी राहिली, तर वर्षाचे ७२० रुपये कुठल्या कुठे जातात. शिवाय मोठ्या असेंब्लीला ग्राफिक्स कार्ड लागते, ते मिनी पीसीत बसवायला जागाच नसते. इथे डेस्कटॉपच, आणि तोही हात आखडता न घेता.

कमी ताकदीचे अनेक मिळून एक मोठा होत नाही का? होतो, पण काम वाटून घेता येत असेल तरच. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० उभा केला तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या लहान ट्रान्सप्युटरांची माळ गुंफून. अमेरिकेने हवा तसा सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर काढलेला तो मार्ग होता. आयबीएमचा ब्लू जीन/एल २००४मध्ये जगात पहिला आला तेव्हा त्याचे प्रोसेसर अवघ्या ७०० मेगाहर्ट्झचे होते, हजारोंच्या संख्येने. अशा यंत्रांवरचे, उदाहरणार्थ हवामानाचे, गणित तुकड्यांत मोडते, म्हणून ते जमले. मोल्डच्या कॅड फाइलला अशी वाटणी मान्य नाही.

छपाई आणि फ्लेक्सवाल्यांचा मामला मधला आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, हँडबिले छोट्यावर सुखाने होतात. चौकाचौकात झळकणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे मात्र तसे नाही: फ्लेक्सवर कार्यकर्त्यांचे चेहरे जितके जास्त, तितके फोटोशॉपमधले लेअर जास्त, आणि तितकी रॅम जास्त. एन१००ला मेमरीचा एकच चॅनल आहे आणि इंटेलच्या कागदांनुसार मर्यादा १६ गिगाबाइटची. निवडणुकीच्या हंगामात ती लवकर संपेल.

व्हिडिओबद्दल लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. व्हिडिओ म्हणजे जड काम, असे वाटते. पण एन१००मध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा आहे, एव्ही१ धरून, त्यामुळे फोर-के चित्रफीत तो अंगाला झळ न लागता दाखवतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला घरी व्याख्याने पाहायला, स्वाध्याय लिहायला आणि परीक्षेचा फॉर्म भरायला यापलीकडे काही लागत नाही. लग्नाच्या शूटिंगचे चार तासांचे फुटेज कापून, रंग सुधारून रेंडर करायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोअर आणि कूलिंग दोन्ही हवेत.

द्राक्षबागेत कामाप्रमाणे यंत्र निवडण्याचा विवेक आपल्याकडे आहेच. दोन ओळींतून फवारणी करायला शेतकरी अरुंद, छोटा ट्रॅक्टर घेतो, आणि त्यामुळे आपली पत कमी झाली असे त्याला वाटत नाही; खोल नांगरटीला तो मोठा भाड्याने आणतो. संगणकाच्या दुकानात शिरताच हेच शहाणपण कुठे जाते कळत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र आमचे मत डेस्कटॉपकडे झुकते, आणि हा मुद्दा कोटेशनवर कुठेच नसतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस गेला, पंखा खरखरला, रॅम वाढवायची झाली, तर शहरातला कोणताही कारागीर ते काम उरकून देतो. एन१०० बोर्डावरच झाळलेला असतो. कित्येक मिनी पीसीत रॅमही झाळलेली. असली तर एकच स्लॉट. बोर्ड गेला की डबा भंगारात. नाव नसलेल्या आयात मालाला सुटे भाग मिळत नाहीत आणि वॉरंटीचा कागद कुठे पाठवायचा हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमधली धूळ इवल्या पंख्यात जाऊन बसते. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. बिनपंख्याचा डबा लाकडी कपाटात कोंडून ठेवणाऱ्यांनी मग मशीनला दोष देऊ नये.

दोन टोकांच्या मध्येही माल आहे. पस्तीस वॅटच्या 'टी' मालिकेचे प्रोसेसर बसवलेले लहान डेस्कटॉप नामांकित कंपन्या विकतात; त्यांत रॅम बदलता येते आणि सुटे भाग मिळतात. बऱ्याच मदरबोर्डांवर बायोसमधून मोठ्या प्रोसेसरच्या विजेला मर्यादा घालता येते. इंटेलने २०२२मध्ये स्वतःच दावा केला होता की आय९-१३९००के पासष्ट वॅटवर बांधला तरी अनेक कोअरच्या कामात आदल्या पिढीच्या २४१ वॅटवाल्याची बरोबरी करतो. कंपनीचा दावा म्हणून तो थोडा कापून घेतला तरी मुद्दा उरतोच. लॅपटॉपवरच्या 'यू' प्रोसेसरबाबत मात्र सावध राहावे. आय५-१२३५यू पंधरा वॅटचा म्हणवतो, पण काही सेकंद पंचावन्नपर्यंत उसळी घेतो. दुकानातल्या पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात तो डेस्कटॉपला मागे टाकेल. खरा वेग उसळी ओसरल्यावर कळतो.

आमचा कौल असा. काउंटर, बिलिंग, शाळेची लॅब, दवाखान्याचे केसपेपर, मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आणि चोवीस तास चालणारे प्रत्येक मशीन: छोटा प्रोसेसर, पण किमान आठ गिगाबाइट रॅम, खरी एसएसडी आणि शहरात सेवा देणाऱ्या कंपनीचा डबा, या तीन अटींवर. टूलरूम, आर्किटेक्ट, मोठे फ्लेक्स, व्हिडिओचे संकलन: डेस्कटॉप, आणि विजेचा विचार न करता. करसल्लागाराच्या दहा टेबलांपैकी आठांवर छोटा पुरेल; ज्या दोघांकडे मोठ्या कंपन्यांच्या लांबलचक एक्सेल फायली आहेत, त्यांना आय५ द्या. सगळ्यांना एकसारखे मशीन द्यायची आपल्या कार्यालयांची आवड समानतेची नसून आळसाची आहे. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या निविदांत तर आय५ हा शब्द नुसता प्रतिष्ठेसाठी लिहिला जातो, आणि त्या पैशांत बसणारी इन्व्हर्टरची बॅटरी राहून जाते.

खरेदीला जाताना एक करा. आपल्या कामातली सर्वांत जड फाइल पेनड्राइव्हवर घ्या, दुकानात दोन्ही मशीनवर ती उघडा आणि नेहमीचे काम अर्धा तास सलग करून पाहा. जो दुकानदार याला नाही म्हणेल, त्याच्याकडून दोन्हींपैकी काहीच घेऊ नका.